झाकणावरचं कुंकू

१९४१ साली, माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं त्याच वर्षी, भोरचे शास्त्रज्ञ शरच्चंद्रराव तोरणा गडावर एक बंद पेटी ठेवून गेले. आभाळातून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या खुणा आतल्या फोटोच्या काचांवर उमटणार होत्या. राखणीला माझे वडील, आबा, होते. "उजेडाचा एक किरण आत गेला तरी माझी दहा वर्षांची मेहनत वाया जाईल," असं साहेबांनी आबांना बजावलं होतं.

दसऱ्याला आई गडावर आली आणि हट्टाला पेटली. "नांगराला, कोयत्याला कुंकू लावतो, मग सायबाच्या काचा कोऱ्या ठेवायच्या व्हय? उघडा की!"

आबा पेटीवर आडवे पडले. "हात तर लावून बघ!"

शेवटी आईनं झाकणालाच कुंकू लावलं.

साहेब पेटी घेऊन गेले आणि महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. "शाबासकी दिली असंल, दुसरं काय!" म्हणत आबांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं.



१९४८ साली मी अक्षरं शिकलो आणि पहिलं तेच पत्र वाचलं: "झाकणाच्या फटीत कुंकू सापडलं. पेटी उघडली नव्हती, एवढं कळवा. तुमच्या शब्दाशिवाय हा शोध मी छापणार नाही."

शरच्चंद्रराव १९४६ च्या माघात भोरला वारले.