परत एकदा दारापासून

"दार अडकलं नव्हतं," आई म्हणाली. "मी लावलं."

खोलीतला पंखा बंद होता, फ्रिज बंद होता, भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा काढून ठेवला होता. आईच्या हनुवटीखाली माइक, समोर वाचनालयाच्या बाई, आणि कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेला आवाजवाला. शहरातल्या जुन्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपायच्या आणि डिजिटल संग्रहात कायमच्या ठेवायच्या, असं वाचनालयाने मनावर घेतलं होतं. दोरखंडाच्या कारखान्याला लागलेली आग डोळ्यांनी पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते बोलायला तयार नव्हतं. शेवटी साठीला आलेल्या लेकीने, बेबीने, आईमागे भुणभुण लावली. एकदाचं सांगून टाक, हलकं वाटेल. घ्या, आता सांगत होती.

"आग तागाच्या गोदामात होती. भोंगा झाला की मधलं लोखंडी दार लावायचं, असा नियमच होता. दारापाशी मी होते. लावलं नसतं तर इकडच्या आम्ही सगळ्याच गेलो असतो." आईचा आवाज चिरकला. ती थांबली, पुष्कळ वेळ थांबली. डोळ्यांतलं पाणी ओघळून हनुवटीवर आलं. "आतून थापा पडत होत्या. कुणाच्या ते मला कळत होतं."

बेबीचा थोरला भाऊ, दादा, गोदामात कामाला होता; त्याच आगीत गेला. तेव्हा ती फ्रॉकात होती. दार अडकलं म्हणून दादा गेला, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं, मुलांना सांगितलं होतं, त्या मेल्या दाराला जन्मभर शिव्या घातल्या होत्या. ती आईकडे जायला उठली. जाऊन काय करणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. जवळ घेणार होती, की खांदे धरून गदागदा हलवणार होती.

"ताई, हलू नका ना, बांगड्या वाजतात," आवाजवाला म्हणाला. मग हेडफोन गळ्यात ओढून बाईंना म्हणाला, "तसंही गेलंच ते. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारली, नेमकी थापांवर. आजी, दारापासून परत घेऊया?"

आई तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिली. "परत?"

"फक्त दारापासून," बाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला आईच्या हातात दिला, पाठीवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे ओले झाले होते. बाई मनाने चांगल्या होत्या, नाहीतर बेबीने त्यांना केव्हाच हाकललं असतं.

"नको आता," बेबी म्हणाली. "पुरे झालं तिला."

"गप गं," आई म्हणाली. "काम करू दे त्यांना."

ही सवय जुनी. कारखान्यात दोराचा पीळ सैल पडला की मुकादम नुसतं बोट दाखवायचा, आणि आई तेवढा दोर उलगडून परत वळायची. कुरकुर नाही, काही नाही. आत्ताही तिने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि परत वळायला घेतलं.

दुसऱ्या वेळी सगळं नीट आलं. दार, भोंगा, थापा. स्कूटर नाही की काही नाही. आईने कोपऱ्यावरून दूध आणल्याचं सांगावं तसं घडाघडा सांगून टाकलं, आणि डोळे कोरडे ठणठणीत.

बाईंनी आवाजवाल्याकडे पाहिलं. "आवाज स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"पहिल्यांदा जे आलं होतं ना, आजी," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही मध्ये थांबला होतात. घसा दाटून आला होता. ते यायला हवं बघा. आपण कुणीच नसू तेव्हा कुणीतरी हे ऐकेल, त्याच्या काळजाला भिडायला हवं."

आईने मान डोलावली. पीळ कुठे सैल पडला ते तिच्या लक्षात आलं असावं.

बेबीला राहवेना. जगाला सांगायचं ते खुशाल सांगा, पण तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती आईच्या तोंडून, तिला एकटीला. "आई," ती म्हणाली, "दादाला कळलं होतं का? पलीकडे तू आहेस म्हणून?"

आईने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"एक मिनिट, आजी, बोलू नका," बाई घाईने म्हणाल्या. "प्रश्न फार चांगला आहे, ताई. पण तुम्ही माइकपासून लांब आहात. मीच विचारते हं." आवाजवाल्याने बोट वर केलं. बाईंनी घसा साफ केला. "आजी, तुमच्या मुलाला कळलं होतं का, दाराच्या पलीकडे तुम्ही आहात म्हणून?"

आई बाईंकडे वळली. "कळलं होतं," ती बाईंना म्हणाली. "आई, उघड, म्हणत होता. बराच वेळ म्हणत होता. मग म्हणेनासा झाला."

बेबीने हातातल्या बांगड्या दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरल्या.

मग बाईंनी लांब श्वास सोडला. "सुंदर," त्या म्हणाल्या. "आता हे मध्ये घालून सगळं एकदा सलग घेऊया. शेवटचं."

आई खुर्चीत सरळ बसली. आवाजवाल्याने हेडफोन कानावर चढवले, बोट वर केलं. ते खाली यायच्या आत आईने त्याला हाताने थांबवलं.

"रडायचं कुठे?" तिने बाईंना विचारलं. "दार लावताना, की तो हाक मारतो तेव्हा?"