दहापैकी दहा

"सगळीकडे दहाच दाबा हं, मावशी," काउंटरवरची दिता हळू आवाजात म्हणाली आणि तिने अभिप्रायाचा फॉर्म उघडलेला टॅब्लेट विनार्तीबाईंच्या पुढे सरकवला. "नऊ पडले तरी आम्हाला वरून फोन येतो."

विनार्तीबाईंनी टॅब्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या इंडोनेशियातल्या केदिरी शहराबाहेरच्या सहा खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या नर्स. दवाखान्यातून परस्पर आल्या होत्या, अंगात गणवेश तसाच. गाडी अकरा महिन्यांची आणि वर्कशॉपची ही पाचवी खेप.

"आधी हे सांग, दुरुस्त काय केलं?"

दिताने कागद उलटसुलट करून पाहिला. "इथे लिहिलंय… दोष आढळला नाही."

"मग मंगळवारपासून गाडी इथे काय करत होती? पाहुणचार घेत होती?"

बाकावर चहाचे पेले घेऊन बसलेली दोन-तीन माणसं हसली. आवाज ऐकून आतून मॅनेजर यूलियांतो बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कंपनीचं नाव छापलेली नवी छत्री. ती त्याने अदबीने पुढे केली.

"ताई, तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल आमच्याकडून छोटीशी भेट."

"त्रास?" विनार्तीबाईंनी छत्रीला हात लावला नाही. "साहेब, तुम्हाला कुणी सांगितलं तरी का काय झालं ते? मंगळवारी सकाळी मागच्या सीटवर एक बाई कळा देत होती. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. तिला घेऊन मी शहरातल्या इस्पितळात निघाले होते. तुमची गाडी बंद पडली ती रुळांवर. अलीकडे नाही, पलीकडे नाही. बरोबर रुळांवर."

बाकावरचं हसणं थांबलं.

"तिथे फाटक नाही. एक म्हातारा लाल झेंडी घेऊन बसतो, तो ओरडायला लागला. शिट्टी ऐकू येत होती. मी चावी फिरवतेय, फिरवतेय, आणि गाडी ढिम्म. उसातून चौघे जण कोयते टाकून धावत आले, म्हणून आम्ही ढकलून बाहेर निघालो. पोर उसाच्या बांधावर जन्मली. माझ्या ओढणीत गुंडाळली तिला."

"देवाची कृपा," यूलियांतो म्हणाला.

"कृपा देवाची, चौघांची आणि म्हाताऱ्याची. तुमची कुठे आली त्यात?"

यूलियांतोचा चेहरा जरासा उतरला, पण आवाज गोडच राहिला. "ताई, मी तुमची भावना समजू शकतो. पण कॉम्प्युटरने सगळं तपासलंय. गाडी ठणठणीत आहे. कधी कधी काय होतं, घाईगडबडीत चालवणाऱ्याकडून…"

"पुढे बोला की."

यूलियांतोने छत्री काउंटरवर ठेवली.

"सव्वीस वर्षं मी याच रस्त्यांवर पोटुशा बायका नेतेय. आधीच्या गाडीचं दार दोरीने बांधावं लागायचं, पण तिने मला कधी वाटेत सोडलं नाही. बाईच्या पोटात दुखतंय आणि मी म्हटलं, माझ्या यंत्रात काही दिसत नाही, जा घरी, तर गावकरी मला दवाखान्यात उभं राहू देतील का? चार वेळा तुम्ही मला असंच घरी पाठवलंत. आज पाचवी वेळ. आणि वर दहा मागताय!"

यूलियांतोने घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजत आले होते.

"माफ करा ताई, आज शुक्रवार, शाळा लवकर सुटतात. नमाजाला जायच्या आत मला मुलीला घरी पोहोचवायचंय. आपण नंतर सविस्तर बोलू. तोवर एवढा फॉर्म तेवढा…"

"कितवीत आहे?"

"दुसरीत."

"शाळा कुठे?"

"स्टेशनच्या मागे."

"म्हणजे रूळ ओलांडून."

"हो… तिकडूनच जावं लागतं."

विनार्तीबाईंनी काउंटरवरची आपल्या गाडीची चावी उचलली आणि त्याच्या समोर ठेवली.

"माझी गाडी घेऊन जा. ठणठणीत आहे. तेल-पाणी तुम्हीच भरलंय. लेकीला मागच्या सीटवर बसवा आणि त्याच वाटेने इथे परत या. मी बसते. तुम्ही दोघं आलात की तुमच्यादेखत सगळीकडे दहा दाबते."

यूलियांतो हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

"गाडी घेऊन गेलो तर उशीर होईल हो, ताई. शाळेबाहेर उभी करायला जागा नसते."

"मग उशीर होऊ दे. मी शाळेत फोन करून सांगते, पोरीला फाटकाच्या आत बसवून ठेवा. हेडमास्तरीणबाईंची दोन्ही बाळंतपणं मीच केलीत."

तो चावीकडे बघत राहिला. एकदा त्याचा हात पुढे आला, आणि शर्टाची बाही सारखी करून मागे गेला. मग त्याने काउंटरखालून दोन हेल्मेटं काढली. एक मोठं, एक लहान. लहानावर मांजराचे कान होते. कुणाकडे न बघता तो बाहेर पडला. काचेतून सगळ्यांनी पाहिलं, विनार्तीबाईंच्या चकचकीत पांढऱ्या गाडीला वळसा घालून तो आपल्या जुन्या मोटरसायकलवर बसला, एका किकमध्ये ती सुरू केली आणि स्टेशनच्या दिशेने गेला.

दिताने टॅब्लेट आपल्याकडे ओढून घेतला. पडद्यावर शेवटचा प्रश्न होता, त्याखाली मत लिहायला कोरी जागा.

"मावशी," ती म्हणाली, "इथे मी काय लिहू?"

"मला काय विचारतेस?" विनार्तीबाई खुर्ची ओढून बसल्या. "आत्ता बघितलंस ना, तेच लिही."