पडद्यामागचं दुकान

शिवणाच्या दुकानात नवी आलेली पोर रंगानं काळी, म्हणून मालकानं तिचं मशीन पडद्यामागे ढकललं. “गिऱ्हाईक बिचकतं,” म्हणाला. सगळ्यांत जुन्या मावशीनं आपलंही मशीन ओढत पडद्यामागे नेलं. पाठोपाठ बाकीच्या बायाही गेल्या.

“अहो मावशी, आता बायकांची मापं कोण घेणार?”

“तुम्ही घ्या की! चांगले गोरेपान आहात.”

तेवढ्यात एक बाई कपडे शिवून घ्यायला आली. मालकाच्या हातातली टेप बघून ती तडक पडद्याआड शिरली. मावशीनं आपल्या गळ्यातली टेप काढून पोरीच्या गळ्यात घातली.

“ही घेईल माप.”

बाई पोरीकडे बघतच राहिली.

“कमरेत जरा सैल ठेव हं गं,” बाई म्हणाली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.