राहिलेला ढावलो

"ही दोरी ओढली का खाली घंटी वाजते, याडी," निताने आईला पलंगाजवळची लाल दोरी ओढून दाखवली. "पडलीस, घाबरल्यासारखं झालं, काहीबी लागलं, का ओढायची."

रुपाबाईने दोरीकडे पाहून मान हलवली. घागऱ्यासारख्या फेटियाचा घोळ सावरत ती पलंगाच्या काठावर बसली होती, परक्या घरी पाहुणी बसते तशी.

दुपारपर्यंत निताने सगळा फ्लॅट लावून टाकला होता. डबे भरले, गोळ्या मांडल्या, न्हाणीतली धरायची दांडी दोनदा हलवून पाहिली. वाशीमच्या या इमारतीत सगळी म्हातारीच माणसं. लिफ्ट, डॉक्टर, वेळेवर जेवण. अंगणात पडून खुबा दुखावल्यापासून आईला तांड्यावर एकटं ठेवणं जिवावर आलं होतं, आणि अकोल्यात निताच्या घराला तीन जिने नि दिवसभर कुलूप. कामात ती कुठे कमी पडत नसे. म्हणून तर सकाळची चूक तिच्या लक्षातही आली नव्हती.

सकाळी तांड्यावर गाडी उभी होती आणि बायका जमल्या होत्या. बंजाऱ्यांत निरोप मुक्याने घेत नाहीत. लेक सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडते, सुरात रडते आणि रडता रडता त्या घराचे उपकार मोजते. तो ढावलो. आता म्हातारी फ्लॅटमध्ये निघाली तर काय करायचं, हे कोणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. रुपाबाईने आपल्यापुरतं ठरवलं. शेजारच्या झमकीबाईच्या गळ्यात हात टाकून तिने पहिला सूर उचलला.

ड्रायव्हर गाडीतून वाकून बघायला लागला आणि निताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरच्या माणसासमोर ती आईशी बंजाऱ्यांची गोरबोलीही बोलत नसे, तिथे हे.

"याडी, पुरे आता. तू काय सासरी चालली काय? आन् तिथं असं नको करू. शिकलेले लोक राह्यतात शेजारी." आणि लहान पोराला गप्प करावं तसं तिने ओठांवर बोट ठेवलं.

सूर जागच्या जागी तुटला. रुपाबाई गाडीत येऊन बसली. झमकीबाईचे हात तसेच पुढे राहिले. वाटभर आई ओढणीचं टोक दातांत धरून बसली होती, आणि निताला वाटलं, चला, समजलं तिला.

इमारतीचं बघणारी साक्षी चहा घेऊन आली. आजी, करमेल ना, म्हणून तिने विचारलं. रुपाबाई काहीतरी म्हणाली, पण ते ऐकायला साक्षीला कान तोंडाजवळ न्यावा लागला. जाताना ती निताजवळ कौतुकाने म्हणाली, "लयच शांत आहेत हो तुमच्या आई. बाकीचे पहिल्या दिवशी रडून रडून नाकी नऊ आणतात."

निताला बरं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही. तांड्याच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या बकऱ्या एका हाकेत गोळा करणारी बाई ही. तिचा आवाज गेला कुठे?

"याडी, काहून बोलत नाहीस? राग आला काय?" निताने गोरबोलीत विचारलं.

खोलीत दोघीच होत्या, तरी रुपाबाई मराठीतच बोलली, आणि हळू बोलली.

"राग कायचा माय. तांड्यातून मेलेलं माणूसबी असं जात नाही. त्याच्या मागं कोणी रडते तरी. झमकीचा गळा मी अर्ध्यातच सोडला. चोरावानी निंगून आली."

निता आईशेजारी बसली, आईचे हात ओढून तिने आपल्या गळ्यात घेतले आणि म्हणाली, "मग आता रड. माझ्या गळ्यात पडून रड."

रुपाबाईने हात अलगद सोडवून घेतले. मागच्या भिंतीकडे पाहत ती म्हणाली, "नको. पलीकडं शिकलेले लोक हायेत."

टोमणा असता तर निताने सोसला असता. पण आई मनापासून सांगत होती, लेकीची शोभा होऊ नये म्हणून.

खाली गाडीशी आल्यावर निताने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रुपाबाई उभी होती. गाडीचं दार उघडून ड्रायव्हर थांबला होता, फाटकाजवळ वॉचमन होता. निताने कोणाचा विचार केला नाही. "याडी येऽऽऽ," तिने सूर उचलला. बेसूर होता, पण उचलला.

आणि तिथेच अडली. पुढे काय म्हणतात? आधी कोणाचं नाव घेतात, कुठले उपकार मोजतात? लग्नाआधी आई शिकवायला बसली होती, तेव्हा हसून उठून गेली होती ती. आता तिच्यापाशी ती एक हाक होती, बाकी काही नव्हतं. तिने तीच पुन्हा मारली. इमारतीच्या गॅलऱ्यांतून म्हातारी माणसं एकेक करून डोकावायला लागली.

वर रुपाबाईचे ओठ हलले. निता वर बघत थांबली; पुढची ओळ आता आईकडून येणार होती.

रुपाबाईने एकदा आजूबाजूच्या गॅलऱ्यांकडे पाहिलं, मग खाली लेकीकडे. आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.