निळ्या फुलांचा काठ

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई दर रविवारी लोकांना नदीकाठच्या पायवाटेने रानफुलं दाखवायला नेत. या वर्षी हट्टाने त्यांनी उद्यान खात्याच्या साहेबांनाही नेलं. तांदळाच्या दाण्याएवढी निळी फुलं पाहायला साहेब चिखलात गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "बाई, इतकी वर्षं आम्ही डोळे मिटूनच फिरलो. या काठासाठी मी काहीतरी करतोच." बाईंना अगदी भरून आलं.

पुढचा महिनाभर त्या दुखऱ्या पाठीने घरीच होत्या. बरं वाटल्यावर वीसेक माणसं घेऊन काठावर आल्या आणि जागीच थबकल्या. पायवाट गाडी जाईल इतकी रुंद करून तिच्यावर गुळगुळीत सिमेंट ओतलेलं होतं. दोन्ही बाजूंना एकसारख्या कुंड्या, त्यांत भडक लाल फुलांची विकतची झुडपं आणि त्यांवर फवारलेल्या औषधाचा उग्र दर्प. औषधाने ढीगभर मुंग्या मरून पडल्या होत्या आणि गवताचं एक पातंही शिल्लक नव्हतं.

लोकांकडे पाठ करून बाईंनी साहेबांना फोन लावला. "हे काय करून ठेवलंत? शिसारी येते बघून. माझी फुलं कुठे गेली?"

साहेबांचा आवाज मात्र खुशीत होता.


"ती फारच बारीक होती हो बाई, कुणाला दिसायचीच नाहीत, म्हणून गाडीतूनही दिसतील अशी लावून घेतली, आणि रस्त्याला नाव तुमचंच दिलंय."