पुढची खोली

दिराने आपण होऊन पुढची खोली देऊ केली, तेव्हाच शिवणवालीच्या मनात पाल चुकचुकली. रस्त्याकडची, उजेडाची, दुकानाला सोयीची खोली तिला, आणि स्वतःला मागची अंधारी. ज्या गृहस्थाने सख्ख्या भावाच्या आजारपणातसुद्धा जिन्यातला बल्ब कधी आपल्या हाताने बदलला नव्हता, त्याला एकाएकी दानशूरपणाची उबळ यावी म्हणजे नवलच होतं.

उद्या वाटणीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. सही झाली की ही खोली तिची आणि तिच्या लेकीची. मग खोलीचं काहीही निघो, निस्तरायचं त्या दोघींनीच. नवरा गेल्यावर दुसरा आसरा उरला नव्हता.

तिने कां-कूं केलं म्हणून दीर थेट फेंगशुईवाल्यालाच घेऊन आला. शहरातल्या मोठमोठ्या इमारती हेच बघतात, यांनी एकदा सांगितलं की तुमच्या मनात किंतू राहणार नाही, असं तो म्हणाला.

फेंगशुईवाला मोठा बोलका निघाला. फेंगशुई हे त्याचं पोट आणि जुन्या इमारतींचा इतिहास हे त्याचं वेड. बँकेचा दरवाजा तिरका का, नाट्यगृहाचा जिना मागाहून का फिरवला, टपाल कचेरीसमोरचं कारंजं कुणी बुजवलं, सगळं त्याला तोंडपाठ. शिवणवाली अर्ध्या कानाने ऐकत होती. तिचं लक्ष दिराकडे होतं. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, आणि हा माणूस एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता.

दिशा बघायला फेंगशुईवाल्याने होकायंत्र काढलं. दारापाशी काटा शहाण्यासारखा थांबला. रस्त्याकडच्या भिंतीजवळ नेला, तर भरकटला आणि भिंतीकडेच तोंड करून बसला.

"तुमच्या मशीनचं लोखंड खेचतंय," तो म्हणाला.

मशीन बाहेर नेलं. काटा भिंतीकडेच. मग कात्र्या गेल्या, इस्त्री गेली, लोखंडी कपाट तिघांनी मिळून ओढत दाराबाहेर काढलं. रिकाम्या खोलीत फेंगशुईवाल्याने पुन्हा होकायंत्र धरलं. काटा पुन्हा भिंतीकडे वळला.

फेंगशुईवाला खूश झाला. त्याला गोष्ट सापडली होती. नदीकाठच्या जुन्या धान्यगोदामात आपण अगदी हेच पाहिलंय, असं तो रंगात येऊन सांगू लागला. पुराच्या पाण्याने तिथली भिंत बाहेर झुकली होती. पाडायला परवडेना, म्हणून आतून लोखंडी पट्ट्या मारून आवळली, वर गिलावा केला. लोखंड दिसत नाही, पण होकायंत्र ते बरोबर हुडकतं. "इथं अर्थात तसं काही नाही," तो हसून म्हणाला. "इथं नुसती ऊर्जा अडलीय. या भिंतीवर आरसा लावा, मोकळी होईल."

दीर घाईने म्हणाला, जुना नळाचा पाईप असेल. नळ मागच्या बाजूला आहे हे त्या घरात राहणाऱ्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

शिवणवाली भिंतीचा नवा रंग बघत राहिली. गेल्या महिन्यात ती लेकीला घेऊन माहेरी गेली होती. परत आली तेव्हा दिराने खोलीला गिलावा करून रंग काढून ठेवला होता. बांधकामावरचा मुकादम तो, माणसं हाताशीच. आपल्यासाठी एवढं केलं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते आठवून आता तिला स्वतःचीच लाज वाटली. उसवलेल्या शिवणीला आतून टाचणी लावून कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, तसा प्रकार. तिने तो आयुष्यात कधी केला नव्हता.

पण नुसत्या काट्यावरून माणसाला चोर कसं ठरवायचं? तिने स्वयंपाकघरातून हातोडी आणि चांगला जाड खिळा आणला.

"भाऊजी, आरशासाठी एवढा खिळा ठोकून द्या."

"उद्या माझा माणूस पाठवतो ना, वहिनी."

"एका खिळ्यासाठी माणूस कशाला? तुमचा तर हात बसलाय."

फेंगशुईवाला समोरच उभा होता. त्याच्यादेखत नाही कसं म्हणणार? दिराने हातोडी घेतली. खिळा भिंतीला टेकवला, उचलला, वीतभर बाजूला टेकवला. बोटाने टकटक करून आवाज ऐकला. कपाळावरचा घाम बाहीने टिपला. मग हातोडी उगारली आणि तशीच खाली घेतली.

खिडकीबाहेर, त्याच भिंतीला पाठ लावून, पायरीवर त्याची मुलगी आणि शिवणवालीची लेक, दोघी चुलत बहिणी गप्पा मारत बसल्या होत्या. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"बबडे, ऊठ तिथनं. पलीकडे जाऊन उभी राहा. ऊठ म्हणतो ना!"

बबडी कुरकुरत रस्ता ओलांडून गेली. बापाने मान आत घेतली आणि खिळा पुन्हा भिंतीवर धरला.

शिवणवालीने धावत बाहेर जाऊन आपल्या लेकीला दंडाला धरून उठवलं आणि पलीकडे पिटाळलं. मग ती परत दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "पायरीवर दोघी बसल्या होत्या."