मंत्रालयातलं गिऱ्हाईक

"अरे ल्युबेन, तू इथे? म्हणजे बंदी येणारच की काय?"

वेस्का मावशीचा आवाज तीन मजले चढून जाणारा. व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, ते दुकान तर जेमतेम एका खोलीएवढं. रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

"हा मंत्रालयात असतो," मावशीने कौतुकाने सांगून टाकलं. "आमच्या वरच्याच मजल्यावर राहतो."

ल्युबेनला कुठे तोंड लपवू असं झालं. व्हेपवरच्या बंदीचा मसुदा त्याच्याच टेबलावरून गेला होता. शुक्रवारी जाहीर व्हायचा होता. सकाळीच साहेबांनी सगळ्यांना उभं करून बजावलं होतं, एक शब्द जरी बाहेर गेला, तर ज्याच्या तोंडून गेला त्याने सोमवारी यायची तसदी घेऊ नये. बायकोची नोकरी उन्हाळ्यातच गेलेली, घरात दोन मुली. तो गुपचूप व्हेपमध्ये भरायच्या लिक्विडची स्वतःपुरती एक बाटली घेऊन सटकणार होता.

मावशीची टोपली लिक्विडच्या बाटल्यांनी भरली होती. दुसऱ्या हातात पाकीट होतं, घट्ट धरलेलं.

"हे हिवाळ्याच्या हीटिंगचे पैसे आहेत बाबा," ती म्हणाली. "सगळे यात घातले आणि बंदी आली नाही, तर मी आणि माझा म्हातारा स्तामेन उगाचच जानेवारीत कोट घालून झोपणार. आणि आली, अन् मी हे घेतलं नाही, तर तो पुन्हा सिगारेटी ओढणार. अर्धं फुप्फुस काढलंय त्याचं. हे हातात असतं म्हणून गप्प बसतो. आता तूच सांग."

"मला काय माहीत असणार, मावशी? मी फायली इकडच्या तिकडे करतो."

"मग पगार कशाचा घेतोस रे?"

रांगेत हशा पिकला, पण लगेच विरला. एका दाढीवाल्याने मोबाइल वर धरला. "बोला साहेब, बोला. अख्ख्या सोफिया शहराला ऐकायचंय."

ल्युबेन दाराकडे बघायला लागला. मोबाइल त्याच्यावरच रोखलेला होता.

 मावशीने टोपलीतली एक बाटली काढून फळीवर परत ठेवली. दुसरी ठेवली.

"नसेलच येत," ती स्वतःशीच म्हणाली. "येत असती तर माझ्यापासून लपवलं नसतंस तू. शाळेतून आलास नि घराला कुलूप असलं, की माझ्याच स्वयंपाकघरात जेवायचास." तिसरी ठेवली. चौथी हातात धरून तिने वर पाहिलं. "येणार का रे?"

ल्युबेनला ते बघवेना. त्याने मान हलवली. आडवी, जराशीच.

आमच्याकडे सोफियात मान आडवी हलवली की हो. पण हल्ली परदेशातल्या बैठकांना जाऊन आलेली मंडळी नाही म्हणायलाही आडवीच हलवतात, आणि घरी आल्यावर बायकांच्या शिव्या खातात. ल्युबेनचं तर ब्रसेल्सला सारखं येणं-जाणं.

"म्हणजे हो?" गल्ल्यावरच्या बाईने विचारलं.

"छे, नाही म्हणाले ते," दाढीवाला म्हणाला. "सगळं रेकॉर्ड झालंय."

ल्युबेनचा जीव भांड्यात पडला. उद्या साहेबांनी बोलावलं, तर छाती पुढे काढून सांगता आलं असतं, मी तर ‘नाही’ असंच म्हणालो होतो. इतकी छान पळवाट शोधूनही सापडली नसती. आता नुसतं दाराबाहेर पडायचं बाकी होतं.

मावशी बाटली हातात धरून त्याच्याकडे बघत होती. आवाजातला सगळा जोर गेला होता.

"ल्युबेन, ही मान आपली, की ब्रसेल्सची?"

दाढीवाल्याने मोबाइल आणखी जवळ आणला.

"आपली, मावशी," ल्युबेन म्हणाला. मग तो मोबाइलकडे वळला, आणि साहेबांना नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, सावकाश मान हलवली.